लाल ताऱ्याचा झेंडा: पाचपैकी तीन तारे

मागच्या 11 सप्टेंबरला, कातालोनियाच्या राष्ट्रीय दिनी, बार्सिलोनाच्या बोर्न भागात एका छोट्या स्वातंत्र्यवादी (म्हणजे कातालोनिया स्पेनपासून वेगळा व्हावा म्हणणाऱ्या) पक्षाच्या स्टॉलवर हा झेंडा घेतला. दीड मीटर बाय नव्वद सेंटिमीटर, पॉलिस्टर, 12 युरो. पक्षाचं नाव लिहीत नाही. घडीचं टेबल, दोन पोरं आणि टी-शर्टांचा ढीग, एवढाच त्यांचा पसारा. मला इथे मतदानाचा हक्क नाही, पण कपडे अल्टर करण्यात एकोणीस वर्षं गेलीत, तेव्हा कापडावर बोलायचा तरी आहे.

कातालोनियाचा अधिकृत झेंडा पिवळा, त्यावर चार लाल पट्टे. त्यात त्रिकोण आणि तारा आला की तो स्वातंत्र्यवाद्यांचा, 'एस्तेलादा'. निळ्या त्रिकोणातला पांढरा तारा 1918 च्या सुमाराचा, व्हिसेन्स बायेस्टेर यांच्या डोक्यातला. क्यूबाचा झेंडा शेजारी धरा, उसनवारी लगेच दिसते. पिवळ्या त्रिकोणात लाल तारा मात्र डाव्यांचा. तो रूढ केला हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत निघालेल्या पीएसएएन नावाच्या चिमुकल्या पक्षाने. मी घेतला तो हाच.

छपाई चांगली आहे. ताऱ्याचे कोन धारदार, रंग कुठे पसरलेला नाही. उलट्या बाजूने थोडा फिका दिसतो, पण या किमतीत तेवढं चालायचंच. तक्रार शिलाईची. कड एकदाच दुमडून एकच टीप मारलेली, टाके लांब लांब, आणि आत इंटरलॉक नाही. आमची बाल्कनी दक्षिणेकडे, समुद्रावरचा वारा थेट येतो. नाताळाच्या आधीच खालचा मोकळा कोपरा उसवला आणि धाग्यांची झिपरी लोंबायला लागली. रिंगा पितळी वाटतात, पण तशा नाहीत. दोन पावसांत पांढऱ्या पट्टीवर गंजाचा ओघळ उतरला. त्यातही रिंगा एकाच बाजूला दोन. कठड्याला आडवा बांधायचा तर उरलेले दोन कोपरे कपड्यांच्या चिमट्यांवर.

शेवटी मीच सगळी कड उसवली, दुहेरी दुमड घातली आणि कोपऱ्यांना फुलीची टीप मारली. तेव्हापासून हाललेला नाही. रंगाला काही इलाज नाही. आठ महिन्यांत पिवळा तसाच राहिला, लाल तारा कलिंगडाच्या फोडीसारखा झालाय.

खालच्या मजल्यावरच्या आजींचा निळा एस्तेलादा कित्येक वर्षांचा, पट्टे वेगवेगळे कापून जोडलेला. विटून राखाडी झालाय, पण एक टाका सुटलेला नाही. माझ्या झेंड्याचा कोपरा त्यांनी दोन बोटांत चोळला, "पॉलिस्टर" म्हणाल्या आणि मग विचारलं, "लाल तारा? म्हणजे तुम्ही त्या बैठकवाल्यांपैकी?"

हा टोमणा होता कूप या डाव्या स्वातंत्र्यवादी पक्षाला, जो मोठे निर्णय कार्यकर्त्यांच्या बैठकीत घेतो. (स्टॉल त्यांचा नव्हता, त्यांच्याहूनही लहान पक्षाचा होता.) 2015 मध्ये कातालोनियाच्या 135 जागांच्या संसदेत कूपचे 10 जण निवडून आले आणि त्यांच्यावाचून सरकार बनेना. तेव्हाचे कातालोनियाचे अध्यक्ष आर्तुर मास यांना पाठिंबा द्यायचा की नाही, यावर डिसेंबरात साबादेल इथे कार्यकर्त्यांनी मतदान केलं. बाजूने 1515, विरोधात 1515! आजी अजून हसतात. जानेवारीत मास बाजूला झाले आणि त्यांच्या जागी कार्लेस पुच्देमॉन अध्यक्ष झाले. 2024 मध्ये कूपकडे चारच जागा उरल्या.

23 एप्रिलला, सान जोर्दीच्या दिवशी (इथे तेव्हा पुस्तकं आणि गुलाब भेट देतात), माझा स्टॉलवाला पोरगा पुस्तकं आणि गुलाब मांडून बसलेला दिसला. त्याला रिंगा, टीप, गंज सगळं सांगितलं. पैसे परत देऊ का, असं त्याने आपणहून विचारलं, म्हणून एक तारा वाढवलाय. मी नको म्हटलं. मग त्याने वही काढली, "दुहेरी दुमड" लिहून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पुढच्या बैठकीत मांडतो."