कुंडीतल्या चिलटांवर पिवळे चिकट सापळे: वापरानंतरचा अभिप्राय
बेळगावच्या पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांची माती लवकर वाळत नाही आणि अशा ओल्या मातीतच बुरशीवर जगणारी बारीक काळी चिलटे वाढतात. टिळकवाडीतल्या एका दुकानातून आणलेले पिवळे चिकट सापळे मी मनीप्लांटच्या कुंडीत मातीलगत खोचले, तेव्हा दोनच दिवसांत ते चिलटांनी भरले. दमट हवेतही त्यांचा चिकटपणा टिकला, याचे विशेष समाधान वाटले. तरीही एवढ्याने भागत नाही, कारण सापळ्यात केवळ उडणारे कीटक अडकतात आणि कोवळी मुळे कुरतडणाऱ्या अळ्या वरच्या 5 ते 7 सेंटिमीटर मातीत तशाच राहतात. चिलटांचे जीवनचक्र साधारण 3 ते 4 आठवड्यांचे असल्याने सापळे महिनाभर ठेवावेत आणि वरची माती वाळल्याखेरीज पाणी देऊ नये.