'कॅथी' ओळीने वाचताना

गेले काही महिने कॅथी गाइझवाइट यांची 'कॅथी' ही अमेरिकन कॉमिक स्ट्रिप मी अगदी पहिल्या दिवसापासून क्रमाने वाचतेय. २२ नोव्हेंबर १९७६ ते ३ ऑक्टोबर २०१० एवढा तिचा पल्ला. ऐन भरात ती सुमारे १,४०० वर्तमानपत्रांत छापून यायची. एकटी राहणारी, नोकरी करणारी कॅथी, तिची आई, बॉस पिंकली आणि धड जवळ ना धड लांब असा तिचा प्रियकर अर्व्हिंग.

लोकांच्या डोक्यात कॅथी म्हणजे रडूबाई. ट्रायल रूममध्ये स्विमसूट घालून 'ॲक!' ओरडणारी, डाएट मोडणारी, अर्व्हिंगच्या फोनची वाट बघणारी. बऱ्याच स्त्रीवादी वाचकांना ती खटकायची ती यामुळेच. आक्षेप खोटा नाही. स्विमसूट दर उन्हाळ्यात येतोच, आणि ओळीने वाचताना त्याचा खरंच कंटाळा येतो. मी ते भाग आता सरळ ओलांडते.

पण एवढ्यावर तिला निकालात काढणाऱ्यांनी अँड्रिया वाचलेली नसावी. ही कॅथीची कट्टर स्त्रीवादी मैत्रीण. ऐंशीच्या दशकात तिला मूल होतं, आणि बाळंतपणाची रजा व नोकरी यांचा मेळ बसत नाही म्हटल्यावर तिचा राग थेट राजकारणावर निघतो. १९८८च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर ती डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार डुकाकिस यांच्या बाजूने बोलू लागली, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी त्या स्ट्रिप छापल्याच नाहीत. अमेरिकेत कौटुंबिक रजेचा देशव्यापी कायदा आला १९९३ मध्ये, तोही बिनपगारी १२ आठवड्यांचा! हे सगळं त्याच 'रडक्या' स्ट्रिपमध्ये आहे. आई म्हणते लग्न कर, अँड्रिया म्हणते स्वतःच्या पायावर उभी राहा, मासिकं म्हणतात बारीक हो. कॅथीला तिघींचंही पटतं. तिची घालमेल तिथली आहे, आणि ती मला अगदी खरी वाटते.

फेब्रुवारी २००५ मध्ये तिचं अर्व्हिंगशी लग्न झालं. तिच्या एकटेपणात सोबत शोधणाऱ्या वाचकांना ते रुचलं नाही, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. लग्नानंतरचे विनोद सपक आहेत.

वाचायची असेल तर ऐंशीच्या दशकापासून सुरू करा, आणि एका बैठकीत थोडीच वाचा. रोज एक अशा बेताने लिहिलेली गोष्ट आहे ती. आईचे भाग मात्र एकही गाळू नका.