टॉवेल कारखान्यांचं सामायिक नेटवर्क: स्लॅश २७, स्लॅश २४ की सरळ स्लॅश १६?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारशेजारचे पाच-सहा टॉवेलवाले मिळून एक इंटरनेट लाइन घेतात, पत्र्यावर रेडिओ लावून एकमेकांना जोडतात आणि मग विचारतात, प्रत्येकाला आयपी, म्हणजे मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते, किती द्यायचे? बहुतेक जण आजची मशीन मोजून येतात. मी म्हणतो मशीन मोजाच, पण त्याआधी लगतचे पत्ते मोकळे राहतात का ते बघा, कारण घोळ सगळा तिथंच होतो.

स्लॅश म्हणजे पत्त्यांच्या सलग गठ्ठ्याचं, ब्लॉकचं माप. हिशोब सोपा आहे, स्लॅशपुढचा आकडा एकानं कमी केला की पत्ते दुप्पट होतात. त्यातले दोन वापरायला मिळत नाहीत, एक नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम निरोप द्यायचा.

स्लॅश २७ मध्ये ३० पत्ते मिळतात. ऑफिसात चार कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक बायोमेट्रिक, सोळा कॅमेरे आणि राउटर धरला तरी २४ होतात, म्हणजे कागदावर छान बसतं. मग गोडाऊनला आठ कॅमेरे वाढतात आणि जागा संपते. वाढवायचं तर ० ते ३१ च्या पुढचे ३२ ते ६३ पाहिजेत, आणि ते तर शेजारच्याला देऊन बसलेलो! एका ठिकाणी मी यापायी दोन दिवस शिडीवर काढलेत, कारण कॅमेऱ्यांना आयपी हातानं टाकलेले होते, त्यामुळं एकेक उघडून बदलावा लागला. त्यात एक-दोन मशीनवर जुना मास्क (ब्लॉक केवढा ते मशीनला सांगणारा आकडा) राहिला तर अजून वैताग, अर्ध्या मशीनना पिंग (उत्तर येतं का ते बघायचा निरोप) जातो आणि अर्ध्यांना जात नाही, कारण त्या मशीनला बाकीचे पत्ते बाहेरचे वाटतात आणि ते सगळं गेटवेकडं, म्हणजे राउटरकडं पाठवत बसतं. केबल बदलून, स्विच बदलून माणूस दमतो आणि दोष निघतो मास्कमध्ये.

स्लॅश १६ मध्ये ६५,५३४ पत्ते. मोठा ब्लॉक घेतला की नेटवर्क स्लो होतं असं सांगतात ते खरं नाही, ब्रॉडकास्टचा बोजा चालू मशीन किती आहेत त्यावर असतो, मास्कवर नाही. अडचण वेगळी आहे. उद्या चिंचोळीतल्या युनिटशी किंवा प्रोसेसिंगवाल्याशी जोडायचं झालं आणि त्यानंही १०.०.०.० चा असाच मोठा ब्लॉक धरलेला असला तर पत्ते आदळतात आणि कुणाला तरी सगळं नेटवर्क बदलावं लागतं. शिवाय हरवलेला कॅमेरा स्कॅन करून शोधायचा तर २५४ पत्ते चटकन होतात, ६५ हजारांत बसून राहा.

स्लॅश २४ मला सगळ्यात आवडतो. २५४ पत्ते, मास्क २५५.२५५.२५५.०, जो बहुतेक मशीनमध्ये आधीच भरलेला असतो, त्यामुळं कॅमेरेवाला पोरगाही चुकत नाही. पण एका मेंबरला एकच देऊन लगेच पुढचा दुसऱ्याला देऊ नका. प्रत्येकाच्या नावावर स्लॅश २२ राखून ठेवा, म्हणजे सलग चार स्लॅश २४, आणि वापरायला आज एक-दोनच काढा. समजा ग्रुपसाठी १०.४७.०.० चा एक स्लॅश १६ ठरवला, तर पत्त्यातल्या चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पहिल्याला ० ते ३, दुसऱ्याला ४ ते ७, तिसऱ्याला ८ ते ११. सुरुवात चारच्या पटीतच पाहिजे हे विसरू नका. असे ६४ गठ्ठे पडतात आणि राउटरवर प्रत्येक मेंबरचा एकच रूट (वाटेची नोंद) लिहावा लागतो. आतमध्ये ऑफिस, कॅमेरे, वायफाय वेगवेगळे ठेवा, चौथा मोकळा.

वायफायला २५४ कमी पडतात अशी तक्रार येते. दिवसपाळीचे मोबाईल घरी गेले तरी डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची असली की त्यांचे पत्ते अडकून राहतात आणि रात्रपाळीला मिळत नाहीत. तिथं ब्लॉक वाढवायच्या आधी लीज दोन तासांवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.

रेंज कुठली घ्यायची? खाजगी वापराच्या तीन रेंज १९९६ साली आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात ठरल्यात. १९२.१६८.१ टाळाच, घरचे कितीतरी राउटर त्यावरच असतात. मालक जुळे सोलापुरातल्या घरून व्हीपीएन (बाहेरून कारखान्याच्या नेटवर्कला जोडायची सोय) लावतो, कनेक्टही होतं, पण कारखान्यातलेही पत्ते तेच असल्यानं लॅपटॉप डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घरातच शोधत बसतो. १७२ मधले फक्त १६ ते ३१ खाजगी आहेत, बाकीचे नाहीत, आणि डॉकर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याकडं १७२.१७ आधीच अडकलेला असतो. म्हणून १० ची रेंज घ्या आणि पत्त्यातला दुसरा आकडा एखादा अधलामधला बरा, ० आणि १ सगळेच घेतात.

दोन पत्र्यांवरच्या रेडिओंमधून दोन राउटर जोडायचे तर तिथं मात्र कंजूसपणा चालतो. स्लॅश ३० चे दोन पत्ते राउटरना पुरतात, रेडिओंनाही त्याच लाइनवर पत्ता पाहिजे असेल तर स्लॅश २९ घ्या, सहा मिळतात. या सगळ्या लिंकसाठी शेवटचा २५२ ते २५५ चा गठ्ठा बाजूला काढा आणि कुठल्याच मेंबरला देऊ नका.