शांत मोडला तीन तारे, थरार मोडला शून्य

आयसीयूतल्या नर्सला स्मरणशक्तीचं ॲप कशाला हवं, असं सोबतच्या मुली विचारतात. डॉक्टर तोंडी डोस सांगतात आणि तो कागदावर उतरेपर्यंत डोक्यात धरून ठेवावा लागतो, त्यासाठी.

ॲपचा गाभा म्हणजे एन-बॅक. वेन किर्शनर यांनी १९५८ साली मांडलेली चाचणी. एकेक अक्षर येत जातं, आणि दोन-तीन घरं मागे हेच अक्षर होतं का ते सांगायचं. शांत मोडमध्ये हे झकास चालतं. ठळक अक्षरं, डोळ्यांना न टोचणारे रंग, चुकलं तरी कर्कश आवाज नाही.

थरार मोड मात्र वैताग आहे. लाल पडदा, वाढत जाणारी टिकटिक, मध्येच फणा काढलेला साप नाहीतर चुराडा झालेली गाडी. गाडी मला अजून दिसते. तिच्या आधीचं अक्षर त्याच क्षणी पुसलं गेलं होतं. गुण धडाधड उतरतात आणि वर ॲप सुनावतं, ‘भावना जागी झाली की मेंदू जास्त साठवतो!’

साठवतो, पण नंतरसाठी. मेंदूतली भावना टिपणारी अमिग्डाला आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जो जोर देते तो दीर्घकाळच्या आठवणीच्या कामी येतो. काही सेकंद अक्षर धरून ठेवणं हे मुख्यतः कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम. तिथे नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे ताणात वाढणारं रसायन, बेताचं असेल तर लक्ष टिकतं, फार झालं की पकड सुटते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना १९०८ सालीच उंदरांवर दिसलं होतं की काम जितकं अवघड, तितका विजेचा सौम्य झटका पुरतो. इथे उलटच, पातळी चढली की टिकटिकही चढते!

क्लाइनस्मिथ आणि कॅपलान यांच्या १९६३च्या प्रयोगात तर मनाला हलवणाऱ्या शब्दांसोबतचे आकडे लगेच विचारल्यावर कमी आठवले, आठवड्यानं जास्त. पुढच्या प्रयोगांत हे दर वेळी जमलं नाही, पण या ॲपला आठवड्यानं विचारण्याची सोयच नाही. मग त्या सापाचा उपयोग काय?

‘रोजच्या कामात फरक जाणवेल’ या दाव्यावरही जाऊ नका. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते सुधारले, इतर चाचण्यांत तो फायदा उतरला नाही. माझंही तेच. पेशंटचं हृदय थांबतं तेव्हा मी अजूनही डोस मोठ्यानं परत म्हणते, डॉक्टर ‘बरोबर’ म्हणाले की मगच सिरिंज भरते. ती सवय कुठल्या ॲपनं लावलेली नाही.

डोक्याला विरंगुळा म्हणून शांत मोड घ्या. थरार मोड बंद करायचं बटण सेटिंगमध्ये ‘आवाज’खाली लपवलंय, आणि अपडेट आलं की तो आपोआप परत चालू होतो.