ई-रीडर : आठ महिने आणि एक्केचाळीस टक्के

सहा इंची स्क्रीन, १६ जीबी, आठवडे टिकणारी बॅटरी हे सगळं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. पुस्तकं वाचायचं हे यंत्र दसऱ्याच्या सेलमध्ये साडेआठ हजारांना घेतलं. लॉकस्क्रीनवर जाहिराती दिसणारं मॉडेल हजारभराने स्वस्त होतं, तेच घेतलं. जाहिरात बघायला पैसे पडत नाहीत. पुण्यात वनाज ते रामवाडी रोजची मेट्रो, बसायला मिळालं तर जाऊन-येऊन तासभर वाचन होतं. जूनमध्ये यंत्र गेलं, म्हणून हे लिहायला बसलो.

साडेआठ हजार वसूल करायचे तर पुस्तकांवर वेगळा खर्च नको, असा मी नियम केला. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची, मग पुस्तक सगळ्यांना मोकळं. म्हणजे हरिभाऊ आपटे आणि गडकरी चालतात, दोघंही १९१९ साली गेले. साने गुरुजी १९५०, चालतात. अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडायला हवं. खांडेकर २०३७. पुलं थेट २०६१. पुढचं पुस्तक कोणतं, हा प्रश्न मी असा वहीत तारखा मांडून सोडवायला लागलो. बायको म्हणाली, "पुस्तकं निवडतोयस का श्राद्धाची यादी करतोयस?"

पण खरं सांगतो, या कंजूसपणामुळेच 'पण लक्षात कोण घेतो?' वाचून झालं. शाळेत नाव पाठ केलं होतं, पुस्तक कधी उघडलं नव्हतं. नायिका यमूचं बोलणं इतकं जवळचं असेल असं वाटलं नव्हतं. दोनदा स्टेशन चुकलं. बाकी फुकटच्या मालातला बराचसा स्कॅन केलेला. सहा इंचांवर ते पान म्हणजे खसखस सांडल्यासारखं, आणि मोठं करावं तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. काही फायलींमध्ये 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं. तेही सोसलं.

सोसवत नाहीत ते टक्के. खाली कोपऱ्यात पान नंबर नाही, टक्के. माणूस पुस्तक टक्क्यांत वाचतो का? उजव्या हातातली पानं कमी होत जातात तसा आपण वेग बदलतो, शेवटची वीस पानं मुद्दाम रविवारसाठी ठेवतो. इथे बोटांना काहीच कळत नाही. फेब्रुवारीत एक रहस्यकथा वाचत होतो (ती विकत घेतलेली, एकोणपन्नास रुपये, नियमाला अपवाद). अठ्ठ्याऐंशी टक्के झाले होते. अजून बारा टक्के आहेत म्हणजे हा खुनी नव्हे, असा हिशेब करून पान उलटलं तर पुढे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी. तोच खुनी होता. सेटिंगमध्ये पान नंबर दाखवायची सोय आहे म्हणतात, पण माझ्या एकाही मराठी पुस्तकात ती चालली नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी दोन तारे कापले असते.

मग जून. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र चालू होतं, लेखिका लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, नियमात बसतात. एक्केचाळीस टक्के. टिळक, म्हणजे त्यांचे यजमान, ख्रिस्ती झाल्याची बातमी घरी येते तिथवर आलो, यंत्र बॅगेत टाकलं आणि सिव्हिल कोर्ट स्टेशनला गर्दीत उतरलो. संध्याकाळी बाहेर काढलं तर अर्ध्या स्क्रीनवर रेघा, वरच्या अर्ध्यात पान तसंच. चार्जिंगला लावा, रीस्टार्ट करा, पान हलत नाही. या स्क्रीनमध्ये काळे-पांढरे कण असतात आणि वीज लागते ती फक्त पान बदलताना, त्यामुळे मेल्यावरही शेवटचं चित्र तसंच राहतं.

कंपनीला नऊ फोन केले. "सर, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, पडलेलं नाही, ओरखडा नाही. "सर, आत काच असते, दाब आला की जाते." दुरुस्ती नाहीच, नवीन घेतलंत तर सवलत देऊ. इथे मी एक लांबलचक परिच्छेद लिहिला होता, तो खोडला. कारण काल आईने डबा भरताना विचारलं, "त्या दिवशी तुझ्या डब्याची कड चेपली होती ना रे?" चेपली होती. स्टीलचा तीन पुडांचा डबा, त्याच बॅगेत. कव्हरचे सातशे रुपये मी वाचवले होते. असो. कंपनीने फोनवर वीस-वीस मिनिटं गाणं ऐकवलं ही तक्रार मात्र कायम आहे.

पुस्तकात पुढे काय झालं ते आईनेच सांगितलं, न विचारता. "अरे, जातात त्या शेवटी टिळकांकडे. मग स्वतःही ख्रिस्ती होतात." चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलं तिला लख्ख आठवतं. मी नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन नाव घातलं, जाड पुस्तक घरी आणलं. परत करायची तारीख असली की वाचन होतं, हे मी विसरलो होतो. बारा दिवसांत संपवलं, उजवा अंगठा पानांवर ठेवून.

यंत्र नवीन घेणार नाही. घ्यायचंच असेल त्याने कव्हरसकट घ्यावं आणि डबा वेगळ्या पिशवीत न्यावा.

पुढचं पुस्तक ठरलंय, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. नियमाप्रमाणे २०६३ साली मिळालं असतं, तेव्हा मी ऐंशीला टेकलेला असेन. अप्पा बळवंत चौकात जाऊन नवं कोरं विकत आणलं, दहा टक्के सूट घेऊन. हे टक्के मला कळतात. बारा महिन्यांवरचे लेख आहेत. आई म्हणते, भाद्रपद चालू आहे तर भाद्रपदच उघड. पण पैसे मी चैत्रापासूनचे दिलेत.