डिस्प्लेवर 110, टायरमध्ये 62: ट्रेलरवाल्यांनो, पैसे द्यायच्या आधी वाचा

आकडा आधी सांगतो. 1,32,792 रुपये मी स्वतःच्या हाताने दिले आणि त्यापायी आणखी 54,700 गेले. एकूण 1,87,492. हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. एकोणीस वर्षं या लाइनमध्ये आहे. क्लीनर म्हणून सुरुवात केली, मग ड्रायव्हर झालो, आता तीन अठरा चाकी ट्रेलर आहेत. जेएनपीटीच्या (न्हावा शेवा बंदराच्या) कंटेनरची कामं करतो. टायरची हवा म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं, आणि नेमका हवेवरच फसलो.

फेब्रुवारीत यार्डात एक माणूस आला. साधारण पस्तिशीचा, खिशावर कंपनीचं नाव शिवलेला टी-शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग. "दादा, मीपण साताऱ्याकडचाच." प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हवर सेन्सरची टोपी, केबिनमध्ये डिस्प्ले, हवा कमी झाली की आवाज येणार. असा माल बाजारात खराच असतो आणि चांगला चालतो, म्हणून तर पटलं. त्याने त्याच्याकडचा डिस्प्ले काढला, माझ्याच एका टायरला टोपी लावली आणि मग थोडी हवा सोडली. डिस्प्ले ओरडला. माझ्या डोळ्यांसमोर. आता सांगा, यात मी काय चुकलो? दाखवायचा नग खरा होता. बसवले ते खोटे होते.

एक सेन्सर 1,450 रुपये, अठरा टायरचे 26,100. डिस्प्ले 6,500. एका गाडीचे 32,600, तीन गाड्यांचे 97,800. वर देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट: दर महिन्याला पोरगा येऊन हवा तपासणार, टायरमागे 60 रुपये. 54 टायर, बारा महिने, 38,880. वर्षाचे एकदम दिले तर दहा टक्के सूट, म्हणून 34,992. मी एकदम दिले. आदल्या वर्षी पाच टायर फुकट गेले होते. डिझेलखालोखाल पैसा खातो तो टायरच. कमी हवेवर लोडची गाडी पळाली की टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते, आतून तारा सुटतात, आणि वरून काही दिसत नाही. तो खर्च वाचवायला गेलो होतो, चैन करायला नाही.

बिलावर जीएसटी नंबर होता, सुरुवात 27 ने, म्हणजे महाराष्ट्राचा. तेवढं बघून मी गप्प बसलो. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता तो नंबर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम. मी जूनमध्ये टाकला. नोंदणी रद्द झालेली होती.

आता ती गोष्ट, जी मला अजून झोपू देत नाही.

मे महिना. गाडी रात्रभर चाकणला उभी होती. पहाटे साडेपाचला मामांनी (आमचे जुने ड्रायव्हर) डिस्प्लेचा फोटो पाठवला: सगळीकडे 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). माल भरून निघाले, घाट उतरून खालापूरच्या अलीकडे चहाला थांबले. दुपारी दीड वाजला होता, डांबर मऊ व्हावं असं ऊन. तिथून दुसरा फोटो: सगळीकडे 110. आणि मी त्याला अंगठा पाठवला. छान म्हणून.

अरे, असं होऊच शकत नाही! थंड टायरला 110 असेल तर लोडवर चालून, उन्हात, घाटात ब्रेक मारत उतरल्यावर तोच टायर 120 च्या वर जातो. टायर तापला की हवा चढते, हे क्लीनर असताना मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. म्हणूनच हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघतात. म्हणूनच तापलेल्या टायरची हवा कधी सोडायची नसते, सोडली की थंड झाल्यावर तो कमी भरतो. दोन्ही फोटो माझ्या मोबाइलमध्ये एकाखाली एक होते. एक आकडा इकडचा तिकडे नाही. मी बघितलं, आणि मला दिसलं नाही.

देखभालीच्या पोराचा कागदही तसाच. 54 रकाने, 54 वेळा 110, एकाच पेनाने. 54 टायरमध्ये कधी सारखी हवा असते का? असा कागद तुमच्याकडे असेल तर आत्ता काढून बघा.

जूनमध्ये गव्हाण फाट्याच्या अलीकडे ट्रेलरच्या मधल्या एक्सलचा डावीकडचा बाहेरचा टायर फुटला. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कधीची गेलेली. त्यामुळे जोडीचा सगळा भार एकट्या बाहेरच्यावर. दोन टायर 23,500 प्रमाणे 47,000, मडगार्ड आणि ब्रेकचा हवेचा पाइप 4,200, मेकॅनिक 3,500. मागे कोणी दुचाकीवाला नव्हता, ही देवाची कृपा. मी मामांवर ओरडलो. ते म्हणाले, "शेठ, डिस्प्लेवर एकशेदहाच आहे की. आधी मी रोज टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकायचो. तुम्हीच म्हणालात आता गरज नाही." खरं होतं. टॉमीने आकडा कळत नाही, पण बसलेला टायर तरी कळतो. तेही मी बंद करवलं होतं.

तिथेच रस्त्याकडेला, गाड्यांच्या धुरळ्यात, शेजारच्या टायरची टोपी मी हाताने फिरवून काढली. खरा सेन्सर व्हॉल्व्हवरून काढला की आकडा शून्यावर यायला हवा, डिस्प्लेने बोंब मारायला हवी. मामा केबिनमधून ओरडून सांगत होते, "एकशेदहा... एकशेदहाच!" टोपी ब्लेडने कापली. आत पितळेचा आटा, खाली रबराची चकती. बॅटरी नाही, सर्किट नाही, काही नाही. बाटलीच्या झाकणासारखं पोकळ. डिस्प्ले आपला लायटरच्या सॉकेटवर आकडे दाखवत बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या मीटरने सगळ्या गाड्यांची थंड हवा मोजली. 88 च्या खाली, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त कमी, अकरा टायर. असा चाललेला टायर नुसती हवा भरून परत पळवायचा नसतो, उतरवून आतून बघावा लागतो. सर्वांत कमी होता 62. त्याच टायरने मी चाकणहून माल आणत होतो.

आणि मग कचेऱ्या. पहिल्या पोलीस ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, पैसे तुम्ही घरून पाठवले, यार्ड दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा. साहेब, पोकळ टोपी सेन्सर म्हणून विकली, रद्द नंबराचं बिल दिलं, ही दिवाणी बाब कशी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? हद्द कुठलीही असो, तक्रार घेऊन पुढे पाठवायची असते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे बोललो तर उत्तर आलं, "तुम्ही वकील आहात का?" पाच चकरा झाल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा साहेब सुट्टीवर, एकदा प्रिंटर बंद. तीन दिवस एका गाडीचं भाडं सोडून मी बाकावर बसलो होतो. बँकेने सांगितलं, खात्यात शिल्लक नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेची माहिती आणा. ग्राहक तक्रारीला गेलो तर म्हणे, गाड्या धंद्याच्या, तुम्ही ग्राहक नाही. कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सवलत आहे, पण तीन गाड्या आणि पगारी ड्रायव्हर म्हटल्यावर ती मिळवायला भांडावं लागतं. ज्याने लुटलं त्याला एकही प्रश्न नाही. मला मात्र रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा मागितली.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर दिवस मोजत बसू नका, त्याच तासाला 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. मी थेट जूनमध्ये जागा झालो, तोवर खातं रिकामं. वर्षाचे पैसे आगाऊ कोणालाही देऊ नका, गाववाला असला तरी. डेमोचा नग आणि बसवलेला नग वेगळा असू शकतो, म्हणून बसवल्यावर प्रत्येक टोपी स्वतः काढा आणि डिस्प्ले बघा, आतल्या टायरचीसुद्धा. माझ्याकडे अठरा टोप्या पंचवीस मिनिटांत बसल्या होत्या. आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि स्वतःचा मीटर ठेवा. माझा 900 रुपयांचा आहे.

गेल्या आठवड्यात तळोज्याच्या एका मोटारमालकाने तोच डिस्प्ले ग्रुपवर टाकला, कंपनीचं नाव वेगळं. मी लगेच फोन लावला. दोन गाड्या, 65,200 देऊन मोकळा झालेला. म्हटलं, फोन चालू ठेव, एक टोपी काढ. तो खाली उतरला, थोड्या वेळाने केबिनमध्ये परत चढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही बोललाच नाही.

सोमवारी आम्ही दोघं एकत्र तक्रार द्यायला जातोय. आणखी कोणाच्या गाडीवर बसवलं असेल तर बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि कापलेली टोपी घेऊन या.