कॉट्सवोल्ड्सचं कॉटेज, बँक ट्रान्सफर आणि गेलेले १,०४० पौंड

ऑगस्ट २०२५ च्या बँक हॉलिडेसाठी (सोमवारची सार्वजनिक सुट्टी) इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्समध्ये दोघांपुरतं दगडी कॉटेज आम्ही ठरवलं, शुक्रवार २२ ते सोमवार २५. हिशेब असा आला: तीन रात्री १९५ पौंडांप्रमाणे ५८५, साफसफाई ६५, हॉट टब ९०, परत मिळणारं डिपॉझिट ३००. एकूण १,०४०. आधी २६० भरले, मग ७८०, दोन्ही बँक ट्रान्सफरने. दिलेल्या पत्त्यावर घर आहे. त्यात एक कुटुंब कायमचं राहतं आणि ते घर त्यांनी कधीच भाड्याने दिलेलं नाही.

फसवणुकीचा हा प्रकार नवा नाही, अनेकांना माहीत असलेलाच आहे. मोठ्या बुकिंग साइटवर जाहिरात, मग 'थेट आमच्याकडे बुक करा, कमिशन वाचेल' असा निरोप आणि तिथून व्हॉट्सॲप. ते पुन्हा सांगत बसत नाही. पण 'स्वस्ताच्या मोहाला बळी पडलात' असं जे पहिल्या दमात ऐकवतात, त्यांना एवढंच सांगायचं आहे की बँक हॉलिडेला एका रात्रीचे १९५ पौंड हा तिथला सर्वसाधारण दर आहे. आता ठग दर पाडत नाहीत, बाजारभावच लावतात. चार पानांचा करार होता, रद्द करण्याच्या अटी होत्या, 'सेप्टिक टँक आहे, वाइप्स टाकू नका' अशी सूचनासुद्धा होती. करारावरच्या कंपनीचा नोंदणी क्रमांकही खरा निघाला. कंपनीज हाउसवर, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी कंपनी-नोंदणीवर, तो फुकट तपासता येतो आणि तो आम्ही तपासला होता. मात्र तिथे नाव असणं म्हणजे माणूस खरा असणं नव्हे. नव्या संचालकांची ओळख पटवणं तिथे सक्तीचं झालं ते १८ नोव्हेंबर २०२५ पासून.

सगळा राग येतो तो एका क्षणाचा. पैसे पाठवताना बँकेचं ॲप खातेदाराचं नाव जुळतं का ते तपासतं. कंपनीचं नाव टाकल्यावर उत्तर आलं, नाव जुळत नाही. विचारल्यावर समोरून दोन मिनिटांत खुलासा: 'सुट्टीच्या भाड्याचं खातं आमच्या अकाउंटंटच्या नावावर आहे, त्यांचं नाव टाका.' ते टाकलं आणि हिरवी खूण आली. ती खूण फसवी आहे, हे नीट समजून घ्या. ते खातं त्या नावाच्या माणसाचं आहे, एवढाच तिचा अर्थ. तो माणूस घराचा मालक आहे की पाचशे पौंडांसाठी आपलं खातं वापरायला देणारा कुणी विद्यार्थी, हे बँकेला ठाऊक नसतं. पहिलं 'जुळत नाही' हेच खरं उत्तर होतं. दुसरं नाव त्यांनी दिलं ते ही खूण मिळवण्यासाठीच. करारावर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल तर खुलासा ऐकायचाच नाही, कितीही सभ्य असला तरी.

धोक्याची दुसरी खूण फोटोंत होती. बागेच्या कुंपणाची भिंत गारगोट्यांची होती, काळ्या-पांढऱ्या, गोल. कॉट्सवोल्ड्सचा दगड म्हणजे ऊलिटिक, म्हणजे बारीक गोल कणांची, चुनखडी. उत्तरेला चिपिंग कॅम्पडेन, ब्रॉडवेच्या बाजूला तो मधाळ पिवळा असतो, दक्षिणेला बाथकडे जाताना फिका होत जातो. शेतांच्या भिंतीही त्याच दगडाच्या, चुना न लावता रचलेल्या. छपरावर दगडी कौलं, वळचणीला मोठी आणि आढ्याकडे लहान होत जाणारी. गारगोटीच्या भिंती सापडतात त्या खडूच्या प्रदेशात: नॉरफक, ससेक्स, चिल्टर्न टेकड्या. म्हणजे घर दुसऱ्याच काउंटीतलं आणि फोटो तिथून उचललेले. एकेक फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, पण त्यावर विसंबू नका, कारण ठग फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात आणि शोध चुकतो. त्यापेक्षा भिंतीवरची सॉकेटं बघा. ब्रिटनमधलं सॉकेट तीन चौकोनी छिद्रांचं, आणि न्हाणीघरात दाढीच्या यंत्राचं सोडून दुसरं सॉकेट जवळपास नसतंच. दिव्याचं बटण दाराबाहेर असतं किंवा छतातून दोरी लोंबत असते. बायबरी गावातल्या आर्लिंग्टन रो या जुन्या घरांच्या प्रसिद्ध रांगेचा फोटो 'आमचं घर' म्हणून आला तर तिथेच संवाद तोडा, ती रांग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे.

पैसे द्यायच्या आधी सात पौंडांत खात्री होते. एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर पत्ता टाकून त्या घराची मालकी-नोंद काढता येते, तिच्यात मालकाचं नाव असतं. डिसेंबर २०२४ पर्यंत तिला तीन पौंड पडायचे, आता सात पडतात. शोधात वर येणाऱ्या नकली साइट्स त्याच कागदाचे कितीतरी जास्त घेतात, म्हणून साइटचं नाव gov.uk ने संपतं ना ते तपासून मगच कार्डाचा नंबर टाका. पिढ्यान्‌पिढ्या विक्री न झालेल्या काही जुन्या घरांची नोंद मिळत नाही. तेव्हा गावातल्या पबला किंवा दुकानाला फोन करा. दोनशे वस्तीच्या गावात कुठलं घर भाड्याने जातं ते सगळ्यांना माहीत असतं.

मालकाला प्रश्न विचारा, आणि ते फोनवर, व्हॉट्सॲपवर नाही. घर गरम कशावर होतं? त्या भागातल्या बऱ्याच खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. तेलाची टाकी, एलपीजी किंवा हीट पंप असतो, आणि तेल कधी भरलं हे खऱ्या मालकाला पाठ असतं. कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा? हॉट टब लाकडावरचा की विजेचा? लाकडावरचा तापायला काही तास लागतात, आणि दोन पाहुण्यांच्या मध्ये पाणी काढून टब धुवावा लागतो, त्यामुळे 'दुपारी बाराला या, टब तयार असेल' असं सहसा कुणी मालक म्हणत नाही. पाहुणे कुठल्या वारी बदलतात तेही विचारा. बरीच कॉटेजं शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशी ठरलेल्या वारीच जातात. ऐन हंगामात कुठल्याही वारी, कितीही रात्री मिळतायत म्हटलं की सावध व्हा. 'एटॉल संरक्षण' लिहिलं असेल तर ते सरळ खोटं आहे. एटॉल विमानप्रवास असलेल्या सहलींसाठी आहे, नुसत्या कॉटेजला लागूच होत नाही.

आता अधिकाऱ्यांबद्दल. कुणीही 'हे आमचं काम' म्हटलं नाही. बुकिंग साइट म्हणाली, व्यवहार आमच्या बाहेर झाला. पोलिसांच्या चौकीतून सांगितलं, ऑनलाइन नोंद करा. नोंद केली, संदर्भ क्रमांक आला, आणि मग पत्र की तपासाला पुरेसा धागा नाही. धागा नाही कसा? खाते क्रमांक आहे, सॉर्ट कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक) आहे, नाव आहे, फोन नंबर आहे. आणखी काय हवं असतं? ज्या बँकेत पैसे गेले ती म्हणते, तुम्ही आमचे ग्राहक नाही, बोलता येणार नाही. आणि आमच्या बँकेने कळस केला. आधी माहिती हवी म्हणून निर्णयाची मुदत थांबवली, मग लिहिलं की हा दोन पक्षांमधला दिवाणी वाद आहे, शिवाय सूचना दाखवली होती, तरी तुम्ही पुढे गेलात.

दोन्ही कारणं टिकणारी नाहीत. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: फसवून करून घेतलेल्या देशांतर्गत बँक ट्रान्सफरची भरपाई बँकेने द्यायची, ८५,००० पौंडांपर्यंत. तिचा भार पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. निर्णय पाच कामाच्या दिवसांत, माहितीसाठी थांबले तरी एकूण ३५ कामाच्या दिवसांत. बँक जास्तीत जास्त १०० पौंड कापू शकते. नाकारायचं तर ग्राहकाने घोर निष्काळजीपणा केला हे बँकेने सिद्ध करायचं, नुसती सूचना दाखवली एवढं पुरत नाही. दिवाणी वाद होतो तो खरा मालक कबूल केल्याप्रमाणे सेवा देत नाही तेव्हा. इथे घर त्यांचं नव्हतंच. हे दाखवायला तीच सात पौंडांची मालकी-नोंद लागते, ती तक्रारीला जोडा. शेवटच्या पैशापासून १३ महिन्यांच्या आत दावा करा. फसलात हे कळताच १५९ लावा, तो तुमच्या बँकेला जोडून देतो. चॅट पुसू नका, समोरच्याला शिव्या घालू नका, नाहीतर तो खातं बदलून सगळं डिलीट करतो. बँकेने अंतिम नकार दिला किंवा तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही की फायनान्शियल ओम्बुड्समनकडे जा, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे. ते फुकट आहे, पण अंतिम पत्रापासून सहा महिन्यांची मुदत असते. आमची ९४० पौंडांची मागणी आता तिथेच आहे.

क्रेडिट कार्डाने भरले असते तर यातलं बरंच टळलं असतं. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, आणि नुसतं डिपॉझिट कार्डाने भरलं तरी पूर्ण रकमेला संरक्षण मिळतं. जो मालक कार्ड घेत नाही आणि साइटवरूनही पैसे घेत नाही, त्याचं घर कितीही सुंदर असलं तरी सोडा.

पुण्या-मुंबईहून लग्नाच्या वाढदिवसाला इकडे येणाऱ्यांनी जास्तच सांभाळा. भारतातून पाठवलेल्या पैशाला वरचा भरपाईचा नियम लागू नाही आणि भारतीय क्रेडिट कार्डाला कलम ७५ नाही. बुकिंग साइटच्या आतच पैसे भरा, फसलात तर लगेच १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेकडे कार्डाचा वाद नोंदवा.

नोंद झाल्यानंतर काही दिवसांत 'तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ३५० पौंड फी भरा' असा फोन येतो. आम्हाला आला. फसलेल्यांचे नंबर विकले जातात आणि तीच किंवा दुसरी टोळी परत येते. फी मागणारा कुणीही असो, फोन ठेवून द्या आणि नंबर आपल्या बँकेला कळवा.